दूरचे भाऊबंद आणि दारातले संशयित

बेंगळुरूतल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात मध्यंतरी एका विद्वान वक्त्यांनी युरोपातल्या रोमा लोकांवर तासभर व्याख्यान दिले. हजारएक वर्षांपूर्वी हे लोक आपल्याकडून गेले, आजही त्यांच्या बोलीत पाणी म्हणजे पानी आणि कान म्हणजे कान, नाझींनी त्यांना लाखोंच्या संख्येने मारले, तेव्हा या आपल्या भावंडांसाठी भारताने आवाज उठवला पाहिजे, असा सारा रोख. टाळ्या पडल्या आणि त्या योग्यच होत्या. मग मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, ‘आणि आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांचं काय?’ त्यासरशी वक्त्यांचा सूर पालटला. त्यांचा प्रश्न वेगळा, ते म्हणाले. कायदा सर्वांना सारखा आहे, सवलती भरपूर आहेत, स्थिरावायचे त्यांनाच नको असते, आणि पोलीस काही उगाच कुणाच्या मागे लागत नाहीत.

सवलतींचे आधी उरकतो. बंजारा माणूस महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. लग्नाने किंवा पोटासाठी सीमा ओलांडली की त्याच्या हातातल्या दाखल्याची किंमत बदलते. याला भरपूर म्हणायचे असेल तर म्हणावे.

स्थिरावण्याबद्दल बोलणाऱ्यांनी बन्नेरघट्ट्याला जावे. तिथे, बिडदीजवळ भद्रापुरात आणि हुणसूर तालुक्यातल्या पक्षीराजपुरात हक्कीपिक्की जमातीचे लोक वस्ती करून राहिले आहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांचा पारधीचा पिढीजात धंदा संपवला. मग त्यांनी जडीबुटी आणि केसांचे तेल विकायला घेतले आणि थेट आफ्रिकेपर्यंत मजल मारली. एप्रिल २०२३मध्ये सुदानात लढाई पेटली तेव्हा त्यांच्यातले काही जण तिथे अडकले, आणि इथले सुशिक्षित लोक विचारू लागले की हे तिकडे कडमडले कशाला. आपला मुलगा कंपनीच्या कामावर परदेशी गेला की कर्तबगार, हक्कीपिक्कीचा गेला की भटका! भद्रापुरात मुलांची नावे गूगल, कॉफी, सुप्रीम कोर्ट अशी ठेवतात, याच्या बातम्या मात्र चवीने वाचल्या जातात. त्या मुलांच्या घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला कोणी जात नाही.

आता पोलिसांविषयी, कारण त्या वाक्याने मला खरा संताप आला. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटे, इकडचे कर्नाटकातले कोरमा-कोरचा अशा जमातीच्या जमाती नोंदवल्या गेल्या. चोरी कोणी केली याच्याशी नोंदीचा संबंध नव्हता, जन्म पुरेसा होता. हजेरी लावायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही, आणि कित्येकांनी सोलापुरासारख्या ठिकाणी सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात आयुष्य काढायचे. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ला सुटले. सुटले म्हणजे काय, तर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९चा आणि इकडे १९६१चा. कागदावर आता जमात नव्हती, व्यक्ती होती. ठाण्यातली यादी मात्र त्याच आडनावांनी भरत राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्तांविषयीचा जुना संशय इतका मुरलेला होता, की तो काढून टाका असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४मध्ये सांगावे लागले. पोलीस उगाच मागे लागत नाहीत, हे खरेच आहे. शंभर-दीडशे वर्षांची लेखी परंपरा त्यांच्या पाठीशी आहे.

ही परंपरा वक्त्यांना ठाऊक असणार, कारण तिचीच युरोपीय आवृत्ती त्यांनी आम्हाला ऐकवली. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९मध्ये रोमांची माहिती गोळा करणारे खास कार्यालय उघडले आणि पुढे नाझींना ते दप्तर आयते मिळाले. स्वीडनच्या दक्षिण भागातल्या पोलिसांकडे चार हजारांवर रोमांची यादी असल्याचे २०१३मध्ये उघड झाले, त्यात लहान मुलेसुद्धा होती. हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मग तशीच यादी आपल्या ठाण्यात असली की ती गुन्हेप्रतिबंध कशी होते?

आणि ही यादी केवळ ठाण्यात राहत नाही, ती गल्लीत उतरते. मे २०१८मध्ये याच बेंगळुरूत, चामराजपेटेत, राजस्थानातून पोट भरायला आलेल्या एका तरुणाला मुले पळवणारा समजून जमावाने बांधून मारले. तो मेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना त्याच अफवेवरून ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून आली होती हे कबूल. पण ती खरी वाटायला अनोळखी, फिरस्ता आणि गरीब माणूस एवढेच कसे पुरले?

‘वेगळा प्रश्न’ हा शब्दप्रयोग आम्ही मराठी भाषिक इथे फार वर्षे ऐकतो आहोत. बेळगावच्या मराठी शाळांचा विषय निघाला की आपल्याला राज्यघटनेचे कलम ३५०-अ तोंडपाठ असते: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले हे कलम फक्त मराठीसाठी नाही. हक्कीपिक्कींची वागरी गुजरातीच्या कुळातली आहे, कानडी मुलखात ती आपल्याहून कितीतरी एकटी. बंजारांच्या लमाणीची गोष्ट आणखी विचित्र. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे ३२ लाखांवर निघाले आणि सगळे हिंदीच्या खात्यात जमा झाले. मराठीचे असे झाले असते तर आपण गप्प बसलो असतो का?

करायचे काय, असे वक्ते विचारतील. सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा. वस्त्यांखालची जमीन राहणाऱ्यांच्या नावावर करा. पहिली-दुसरीच्या वर्गात लमाणी, वागरी बोलणारी शिक्षिका नेमा, तीही त्याच वस्तीतली. आणि आपल्यापुरते सांगायचे तर भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे मराठी शाळांसाठी आपली निवेदने जातात, त्यांत पुढच्या वेळी या दोन बोलींची मागणी घाला आणि सही घ्यायला बन्नेरघट्ट्याला जा.