विश्लेषण : रुतलेली गाडी बाहेर काढणारी विंच, स्वस्तात घेताना पैसे नेमके कुठे घालायचे?

पावसाळा जवळ आला की थार, जिम्नी, गुरखावाल्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो : कमी बजेटमध्ये चांगली इलेक्ट्रिक विंच कुठली? उत्तरही ठरलेलं असतं. 'बारा हजार पाउंडची घेऊन टाक, विषय संपला.' विषय तिथे संपत नाही. खोक्यावरचा पाउंडांचा आकडा हा या खरेदीतला सगळ्यात फसवा आकडा आहे. बजेट कमी असेल तर विंचेवरचे काही हजार वाचवा आणि ते केबल, कट-ऑफ स्विच आणि कप्पीवर घाला, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे. त्यामागचं गणित बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचं नाही.

विंच म्हणजे १२ व्होल्टची मोटर, तिचा वेग शेकडो पट कमी करून ताकद वाढवणारे गिअर, दोर गुंडाळलेला ड्रम आणि मोटर सुलट-उलट फिरवणारा सोलेनॉइड किंवा कॉन्टॅक्टर. दोर साधारण २५ मीटरचा. पुढे झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला टोक बांधायचं, बटण दाबायचं, गाडी स्वतःच स्वतःला ओढत बाहेर येते.

किती पाउंडांची हवी?

प्रचलित नियम असा : माणसं आणि सामान धरून गाडीचं जे कमाल वजन, त्याच्या दीडपट. हे वजन ओनर्स मॅन्युअलमध्ये मिळतं. जिम्नीचं ते १,५४५ किलो आहे. त्याची दीडपट म्हणजे सुमारे २,३२० किलो, पाउंडांत ५,१००. म्हणजे जिम्नीला सहा हजार पाउंडची विंच पुरते. तिच्या नाकावर बारा हजारांचं धूड आणि त्याला पेलणारा लोखंडी बंपर चढवला, तर पुढच्या स्प्रिंगा आधी कुरकुरतील. भरल्यावर सव्वादोन टनांच्या आसपास जाणारी गाडी असेल, तर उत्तर ७,४०० पाउंड येतं. बाजारात मिळणारी ९,५०० पाउंडची विंच तिला भरपूर झाली.

आता फसवा भाग. ९,५०० पाउंड, म्हणजे सुमारे ४,३०० किलो, ही ताकद फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराची आहे. दोराचे थर वाढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि प्रत्येक थरामागे ताकद साधारण दहा-बारा टक्क्यांनी घटते. झाड जवळ आहे म्हणून पाच-सहा मीटरच दोर सोडला, तर तुम्ही चौथ्या थरावर ओढत असता आणि तीच विंच २,९०० किलोंच्या आसपास येऊन ठेपते. बारा हजारांची विंचसुद्धा चौथ्या थरावर ३,७०० किलोंच्या वर फारशी जात नाही.

चिखल किती ताकद मागतो? अमेरिकी लष्कराच्या रिकव्हरी मॅन्युअलमधला ठोकताळा सोपा आहे. चाकं बुडेपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका रोध, फेंडरपर्यंत रुतली तर दुप्पट. आपल्या सव्वादोन टनी गाडीला फेंडरपर्यंतच्या चिखलातून काढायला साडेचार टन लागतील. इथे ९,५०० वाली कमी पडते, आणि वरच्या थरावर बारा हजारवालीही कमीच पडते. उपाय मोठी विंच नाही, कप्पी. बाजारात तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. झाडाला कप्पी लावून दोर परत गाडीच्या टो हुकला आणला की ताकद घर्षण वजा जाता जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. शिवाय दोर दुप्पट लागतो म्हणून ड्रम जवळपास रिकामा होतो आणि तुम्ही आपोआप पहिल्या-दुसऱ्या थरावर येता. विहिरीवर रहाट बघितलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पण दुकानात बाराशे प्रश्न विचारणारे लोक कप्पीचं नाव काढत नाहीत.

चारशे अँपिअर जातात कुठे?

९,५०० पाउंडच्या विंचेने पूर्ण ताकद लावली की ती ३५० ते ४५० अँपिअर खेचते. चारशे धरू. १२ व्होल्ट गुणिले ४०० म्हणजे ४.८ किलोवॉट. आता प्रत्यक्ष काम किती होतं ते बघा. ४,३०० किलोंचा जोर, मिनिटाला सव्वा मीटर वेग. हिशेब केला तर एक किलोवॉटही भरत नाही. उरलेली सगळी वीज मोटर, गिअर आणि तारांमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणूनच विंच सलग चालवायची नसते. मिनिटभर ओढायचं, थांबायचं, मोटरला हात लावून बघायचं. जाहिरातीत दाखवतात तो झपाट्याने दोर गुंडाळण्याचा वेग बिनवजनाचा असतो, त्याकडे दुर्लक्ष करा.

मिनिटभर चारशे अँपिअर म्हणजे बॅटरीतून साडेसहा अँपिअर-अवर गेले. गाडीचा अल्टरनेटर साधारण शंभर-सव्वाशे अँपिअरचा असतो, आयडलवर त्याहून कमी देतो, आणि त्यातला काही भाग गाडीच चालू ठेवायला लागतो. म्हणजे एका मिनिटाच्या ओढीची भरपाई व्हायला चार-पाच मिनिटं हवीत. तीन वर्षं जुन्या बॅटरीवर, इंजिन बंद ठेवून विंच चालवली, तर गाडी चिखलातून निघेलही कदाचित, पण सुरू होणार नाही.

आणि केबल. बॅटरीपासून विंचेपर्यंत दोन मीटर जाणारी, दोन मीटर येणारी, अशी चार मीटर तार धरा. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत चारशे अँपिअरवर एक व्होल्टहून थोडा अधिक दाब जिरतो. ३५ चौरस मिलिमीटरला पाऊण व्होल्टच्या थोडा वर. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा आणि आतून अॅल्युमिनियम असलेली तार येते. तिथे नुकसान दीडपटीहून जास्त. बारा व्होल्टमधून दीड-दोन व्होल्ट तारेतच गेले, तर विंच कितीही पाउंडांची असो, ती अशक्तच वागणार. जिरलेला दाब गरमीत जातो, तोही इंजिनच्या खोलीत, डिझेलच्या नळ्यांशेजारी. तार कापून आतला रंग बघायला दुकानदाराला सांगा. रुपेरी दिसला तर ती केबल परत द्या आणि वेल्डिंग मशीनची जाड तांब्याची केबल घ्या. लोहार आळीत मीटरवर मिळते.

स्वस्त विंचेत स्वस्त काय असतं?

नावाजलेल्या अमेरिकी किंवा तैवानी विंचेत आणि सामान्य चिनी विंचेत किमतीचं अंतर दोन-तीन पटींचं सहज असतं. गिअर दोन्हीकडे बहुधा तीन टप्प्यांचे प्लॅनेटरीच असतात. अनेक स्वस्त मालिकांत तर ९,५०० आणि १२,००० पाउंडच्या विंचेत मोटर एकच असते, फक्त गिअरचं प्रमाण बदललेलं. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही वेग विकलेला असतो. फरक पडतो तो मोटरच्या जातीत, पाण्यापासूनच्या बंदोबस्तात आणि कॉन्टॅक्टरमध्ये.

मोटर 'सीरिज वाउंड' आहे का ते विचारा. दुसरी जात 'परमनंट मॅग्नेट'ची. ती करंट कमी खाते, स्वस्त पडते, पण लांब ओढीत लवकर तापते आणि तापली की ढेपाळते. हलक्या गाडीला, कधीतरीच्या वापराला चालेल. घाटमाथ्यावरच्या जुलैला नाही. पाण्याचा शिक्का किमान आयपी ६७ चा हवा. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये. ओढा ओलांडताना विंच नेमकी पाण्याच्या रेषेवर असते, आणि आपल्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो.

कॉन्टॅक्टरबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. त्याचे आतले संपर्कबिंदू चारशे अँपिअरच्या ठिणग्यांनी कधीकधी वितळून चिकटतात. मग तुम्ही बटण सोडता आणि विंच ओढतच राहते. हुक फेअरलीडवर आदळतो, दोर ताणत जातो, आणि समोर उभ्या माणसाच्या हातात निकामी रिमोट असतो. त्या क्षणी वाचवतो तो फक्त हाताशी असलेला कट-ऑफ स्विच. बॅटरी आणि विंचेच्या मध्ये, बॉनेट उघडताच हात जाईल असा. तो नसलेली विंच फुकट मिळाली तरी बसवू नये.

पोलादी दोर की सिंथेटिक?

इथे थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. ताणलेला पोलादी दोर तुटला की चाबकासारखा परततो. काच, पत्रा, माणूस काहीही आडवं आलं तरी. सिंथेटिक दोर हलका असतो, त्यात साठलेली ऊर्जा कमी असते, आणि गाडीच्या नाकावरचं दहाएक किलो वजन वाचतं. पण त्याला लाड हवेत. उन्हाने तो कमजोर होतो, जांभ्याच्या धारदार कडेवर घासला तर चिरतो, आणि १५० अंशांच्या आसपास वितळतो. अनेक विंचांचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, उतारावर गाडी विंचेने खाली सोडताना तो चांगलाच तापतो. तेव्हा सिंथेटिक दोरावर गाडी खाली सोडत बसू नका. त्याला रोलर नाही, गुळगुळीत अॅल्युमिनियमचा हॉज फेअरलीड लागतो. जुन्या पोलादी दोराने ओरखडलेले रोलर तसेच ठेवून नवा दोर चढवणं म्हणजे करवतीवर सुतळी घासणं.

दोर कुठलाही असो. ताणावर असताना त्यावरून उडी मारायची नाही, त्याच्या रेषेत बघ्यांना उभं करायचं नाही, मधोमध जाड घोंगडी किंवा भरलेली सॅक टाकायची. झाडाला थेट दोर गुंडाळून हुक त्याच दोरात अडकवू नका. त्याने झाडाची साल जाते आणि दोरही कापला जातो. रुंद पट्टा आणि डी-शॅकल वापरा.

झाडच नसेल तर?

सह्याद्रीच्या सड्यावर, कोकणातल्या पुळणीवर किंवा मराठवाड्याच्या काळ्या रानात पंचवीस मीटरच्या आत भक्कम झाड असेलच असं नाही. (पुळणीवर गाडी घालणं बऱ्याच ठिकाणी बंदच आहे, आणि असावंच.) स्टेपनी पुरून तिला पट्टा बांधता येतो, पण त्यासाठी फावडं लागतं आणि खड्डा खणायला कंबर. बरेच जण विंच घेतात आणि फावडं घेत नाहीत. चाकांतली हवा कमी करणं, चाकापुढची माती काढणं, रिकव्हरी बोर्ड खाली सारणं, एवढ्यावर बऱ्याच गाड्या निघतात. दोन गाड्या असतील तर लवचीक कायनेटिक दोर पुरतो. एकट्याने आडरानात जाणाऱ्याला विंच खरी हवी. वर्षातून दोनदा ताम्हिणीला जाणाऱ्याने आधी टायर इन्फ्लेटर घ्यावा.

आरटीओ काय म्हणेल?

मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच अधोरेखित केलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

हे निव्वळ नोकरशाही म्हणून झटकता येत नाही. लोखंडी बंपर पादचाऱ्याला मऊ लागत नाही, आणि पुढचा मूळ बंपर हलवल्याने एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं. विंच मूळ बंपरच्या मागे, चासीला बोल्ट केलेल्या प्लेटवर बसवणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. पण त्यानेही परवानगीचा प्रश्न मिटत नाही. बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांकडून लेखी विचारून घ्या. कंपनीची वॉरंटीही एकदा वाचा, विशेषतः वायरिंगचा भाग.

हे सगळं करून विंच बसलीच, तर पहिल्या दिवशी हलक्या चढावर जा. शेवटचे आठ-दहा वेढे ड्रमवर ठेवून बाकी दोर सोडा, गाडी न्यूट्रलला टाका, ब्रेक किंचित धरून दोर ताणावर, थरावर थर नीट बसवत गुंडाळून घ्या. कारखान्यातून दोर सैल गुंडाळलेला येतो. तसाच ठेवला तर पहिल्याच मोठ्या ओढीला वरचा थर खालच्या थरात रुतून बसतो, आणि तो मोकळा करायला भर पावसात तास जातो.