संगणकाची बाराखडी : चौकोनी कंसातले गाव



इथल्या पुष्कळ हायस्कुलांत मुले सी शार्प ही संगणकाची भाषा शिकतात. मग घरात 'क्लास', 'ऑब्जेक्ट', 'इंडेक्सर' असे शब्द सुरू होतात आणि आजी-आजोबा गप्प बसतात. म्हणून या खेपेस आपण इंडेक्सर पाहू. कठीण काही नाही बरं का!

क्लास म्हणजे कपाटाचा नकाशा. त्या नकाशाबरहुकूम बनवलेले कपाट म्हणजे ऑब्जेक्ट. आतली माहिती कुलुपात असते, बाहेरच्याने हात घालायचा नाही. इंडेक्सर म्हणजे कपाटाजवळ बसलेली आजी. काय हवे ते सांगा, ती बरोबर खणातून काढून देते. मागायची रीत अशी: कपाटाचे नाव, पुढे चौकोनी कंस, कंसात खूण.

तेहिल्लीमचे 150 अध्याय घ्या. संगणक खण मोजतो 0 पासून, म्हणून 23वा अध्याय पडतो 22व्या खणात. आपण मात्र तेहिल्लीम[23] असेच मागायचे. एक वजा करण्याचे काम इंडेक्सर आतल्या आत करतो. कोणी 151 मागितला तर नाही म्हणतो.

खूण आकडाच पाहिजे असे नाही, शब्दही चालतो. आडनावे["पेण"] लिहिले की 'पेणकर' मिळते. नागावचे नागावकर. मग गावापुढे 'कर' लावला की झाले, असे मुलांना वाटेल. पण रोह्याचे रोहेकर, आणि दिवेआगरचे दिवेकर! हा नियम संगणकाला आपोआप कळत नाही. प्रत्येक जोडी कोणीतरी आत ठेवावी लागते.

त्यासाठी इंडेक्सरचे दोन भाग असतात. 'गेट' काढून देतो, 'सेट' आत ठेवतो. 'सेट' लिहिलाच नाही, तर बाहेरच्याला वाचता येते, बदलता येत नाही. गाव सापडले नाही तर काय उत्तर द्यायचे, तेही लिहिणाराच ठरवतो. आम्ही तर लिहू, 'आजीला विचार'.

कोकणातली ती गावे सोडून आपल्याला दोन-तीन पिढ्या झाल्या. इथे जन्मलेल्या कित्येक मुलांना आपल्या आडनावातले गाव ठाऊक नाही. तेव्हा मुलांनो, सुट्टीत हा क्लास लिहून पाहा. आजी-आजोबांनो, गावे तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तेवढेच कपाटात जाईल. रिकाम्या खणातून कुठलाही इंडेक्सर काही काढू शकत नाही.