आवाज कुणाचा?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटचा पोरगा. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघाल्या तर मराठी विभागाच्या सरांनी सांभाळून घ्यावं. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहिताच येईना. 'धडधड'ला इंग्लिशमध्ये काय म्हणणार, तुम्हीच सांगा!

विषय आहे बुलेटचा सायलेन्सर. गेल्या महिन्यात हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर ती नोटीस लागली, 'यापुढे वसतिगृहाच्या आवारात बुलेट मोटारसायकल आणण्यास सक्त मनाई आहे.' ती वाचून सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. बघणारच. आवारात बुलेट चारच, आणि त्यातली सगळ्यात बदनाम माझी होती. 'होती' का म्हणतोय ते पुढे येईलच.

आमच्या मजल्यावर निम्म्या खोल्यांत 'फास्ट अँड फ्युरियस'चं पोस्टर आहे. त्यातली ती काळी 1970 ची डॉज चार्जर! अमेरिकेत अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. त्या काळच्या चार्जरमध्ये सात लिटरचं 'हेमी' इंजिनसुद्धा मिळायचं, आठ सिलेंडर, कंपनीच्या आकड्यानुसार 425 हॉर्सपॉवर. ते लोक रोज ऑफिसला नेतात त्या गाडीचासुद्धा एक्झॉस्ट बदलतात, आणि त्याला काही अर्थ असतो. एकेका बाजूच्या चार सिलेंडरांचा धूर एकाच ओबडधोबड बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये कोंबलेला असतो. प्रत्येकाला सारख्या लांबीची वेगळी नळी दिली की एका सिलेंडरच्या धक्क्याने दुसऱ्याचा धूर ओढला जातो. इंजिन मोकळा श्वास घेतं, पॉवर वाढते. हे खरं आहे.

आपल्या जालन्यात मसल कार कुठली? आपली मसल कार म्हणजे बुलेट. बाबांची 1998 ची आहे, बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायाच्या गिअरची, नंबर एमएच एकवीस. 346 सीसी आणि 18 हॉर्सपॉवर. हो, फक्त अठरा! 425 कुठे आणि 18 कुठे. पण सुरू केल्यावर छाती मात्र तेवढीच फुगते. बाबांनी ती इतकी वर्षं मोसंबीच्या बागेपासून अंबडच्या बाजारापर्यंत चालवली, वेळच्या वेळी पासिंग करून घेतलं आणि मी इंजिनियरिंगला आल्यावर माझ्या हातात दिली. मी रोज तिच्यावरून एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये इनप्लांट ट्रेनिंगला जायचो आणि शनिवारी गावी, घनसावंगी तालुक्यात.

गेल्या दिवाळीत मेसच्या पैशातून वाचवलेले अठराशे रुपये घेऊन मी गॅरेजवर गेलो. म्हटलं, चाचा, सायलेन्सर अपग्रेड करायचाय. चाचांनी वर न बघता विचारलं, "बाबू, आवाज चाहिए या पिकअप?" मी म्हणालो, दोन्ही. चाचा हसले. "आवाज मिलेगा." मी थर्ड इयर मेकॅनिकलचा, थर्मोडायनॅमिक्समध्ये डिस्टिंक्शन वगैरे, आणि त्या एका वाक्यात काय सांगितलं ते मला कळायला सहा महिने लागले!

आता थोडं आपल्या विषयातलं. (कॉम्प्युटरवाल्यांनी हा परिच्छेद ऑप्शनला टाकला तरी चालेल.) बुलेटला सिलेंडर एकच. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एक स्फोट. 3000 आरपीएमला सेकंदाला 25 धक्के. ही धडधड मोकळी सोडली तर बंदुकीसारखी वाजेल, म्हणून कंपनी सायलेन्सरमध्ये कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या ठेवते. लाट कप्प्यांत आपटते, परत येते, एकमेकींना मारते आणि बाहेर येईपर्यंत थकते. गॅरेजमध्ये ती आतली नळी, म्हणजे आपली पुंगळी, काढून टाकतात, नाहीतर सरळ पोकळ नळकांडं बसवतात. वाट मोकळी झाली, मग पॉवर वाढायला हवी ना? इथेच आपण फसतो. रोजच्या चालवण्यात आपण पन्नास-साठच्या वेगाने जातो, थ्रॉटल जेमतेम पाव उघडलेला. म्हणजे इंजिनाचं नाक आपणच एका हाताने दाबून धरलंय, आणि मागून मात्र तोंड मोठं करून दिलंय. श्वास येणार कुठून? उलट नळी जास्त रुंद झाली की कमी आरपीएमला धुराचा वेग पडतो आणि सिग्नलवरून निघताना गाडी मेल्यासारखी होते. कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला तर मिक्स्चर पातळ होतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात ना, ज्याच्यावर आपण खूश, ते म्हणजे सिलेंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल गरम नळीत जाऊन जळतंय. एकशे काही रुपये लिटरचं पेट्रोल! पोरं तर चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून मुद्दाम फोडतात.

माझं मायलेज तर पडलंच, पण घाटात (आता आपल्याकडे घाट म्हणजे काय, चढ म्हणा) गाडी आधीपेक्षा लवकर दमायला लागली. तरी मी सगळ्यांना सांगत होतो, काय पिकअप वाढलाय राव! कान खोटं बोलतात बरं का. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखं वाटतं.

एक्झॉस्टने खरंच फरक पडत नाही असं नाही हं. जुन्या लोकांना राजदूत 350 आठवत असेल, 1983 मध्ये आलेली. ती टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या फुगीर भागातून परत आलेली लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिक्स्चर पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. तिथे नळीचा आकार म्हणजे अर्धं इंजिनच. पण त्यासाठी लांबी-रुंदीचं गणित करावं लागतं. हातोडीने पुंगळी काढून ते होत नाही. आणि 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सहा बुलेटला तर फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळं एकमेकांत गुंतलेलं. कन्व्हर्टरसकट नळी काढून फेकली की कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीची घाण साफ न होता थेट मागच्या स्कूटीवालीच्या तोंडावर.

सायलेन्सर बसवल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी गावी गेलो. आमची आजी गाडीचा आवाज ओळखते. पुलावर बुलेट आली की ती चुलीवर आधण ठेवते. मी दारात गाडी लावेपर्यंत चहा तयार, असं वर्षानुवर्षं आधी बाबांसाठी आणि मग माझ्यासाठी चाललेलं. त्या दिवशी मी आत गेलो तर चूल थंड. आजी दचकून म्हणाली, "तू व्हय? मला वाटलं कुनाची वरात आली." रात्री बाबा म्हणाले, "गाडी बदलली का रं?" रागावले नाहीत. तेवढंच म्हणाले आणि झोपायला गेले. मला फार लागलं ते. अठराशे रुपये देऊन मी गाडीचा आवाज वाढवला नव्हता, तिचा आवाज घालवला होता. आता ती शंभर बुलेटसारखीच एक झाली होती.

तरीही मी तो सायलेन्सर काढला नाही. खोटं कशाला बोलू? कॉलेजच्या गेटमधून आत येताना सगळी गॅलरी बघते, त्याची चटक लागते.

मग उन्हाळी परीक्षा आल्या. एका रात्री साडेअकराला मी स्टेशनजवळून चहा पिऊन आलो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मेसच्या मावशींनी माझ्या ताटात पोहे वाढले आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, तुझी गाडी आली की झोप मोडती माझी. मग लागतच नाही. आन चारला उठावं लागतं ना, पोह्यासाठी." मावशींची खोली गेटला लागून आहे हे मला तीन वर्षांत माहीतच नव्हतं. मी जे पोहे खात होतो ते माझ्यामुळे जागलेल्या बाईने केले होते. त्या सुट्टीत जुना सायलेन्सर माळ्यावरून काढला, घासला आणि परत बसवला. आजीने आधण ठेवलं.

असो. आता नोटिशीकडे येतो.

कायदा सायलेन्सर बदलणाऱ्याच्या बाजूने अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. कलम 190(2) मध्ये आवाजाचा नियम मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बंद. कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवला, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. गंमत म्हणजे पीयूसी काढताना धूर मोजतात, आवाज नाही. त्यामुळे पीयूसी खिशात आणि पुंगळी घरी, असे शेकडो फिरतात.

पण कायद्याने बुलेटवर बंदी घातलेली नाही! 175 सीसीच्या वरच्या मोटारसायकलला 80 डेसिबलची मर्यादा आहे, 1 एप्रिल 2005 पासून बनणाऱ्या गाड्यांना. ती मोजतात साडेसात मीटरवरून, थ्रॉटल पूर्ण पिळून. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे पंधरा मीटरवर मावशींच्या खिडकीत कंपनीच्या सायलेन्सरची गाडीसुद्धा, कुणी मूर्खासारखी पिळली तर, 74 ची वाजेल. रात्री दहा ते सहा निवासी भागाची मर्यादा 45 आहे आणि शांतता क्षेत्राची 40. (ती सरासरी असते, एका गाडीची नाही, हे मान्य.) समजा फटाका सायलेन्सरची गाडी 95 ची निघाली. पंधराचा फरक छोटा वाटतो, पण डेसिबल लॉगचं माप आहे, म्हणजे आवाजाची ताकद तीसपटीच्या वर जाते. आमच्या रोलिंग मिलमध्ये कानात घालायला प्लग देतात. मावशींना कोण देणार?

म्हणजे दोष दोन ठिकाणी आहे, पुंगळी काढणाऱ्यात आणि मनगटात. नोटीस मात्र टाकीवरचं नाव बघून काढलीय. आमच्याच विंगमध्ये एक दीडशे सीसीची गाडी आहे, तिचा आवाज माझ्या आत्ताच्या बुलेटच्या कितीतरी वर. तिला मनाई नाही, कारण ती बुलेट नाही! आणि परतूर-मंठ्याकडच्या ज्या दोघांकडे घरची एकच गाडी म्हणून बुलेट आहे, त्यांनी ती कुठे लावायची? बाहेर रस्त्यावर? मागे एकाची बॅटरी गेली आहे.

रेक्टर सरांना आणि प्राचार्यांना माझी नम्र विनंती आहे. आपण इंजिनियरिंग कॉलेज आहोत. एक साउंड लेव्हल मीटर घ्या. दर सत्राच्या सुरुवातीला वर्कशॉपसमोर हॉस्टेलच्या सगळ्या गाड्या मोजू, कुठलीही कंपनी असो. मोजायचं काम आम्ही थर्ड इयरवाले करतो, जर्नलमध्ये प्रॅक्टिकल म्हणून धरा. जी गाडी मर्यादेबाहेर ती मूळ सायलेन्सर लागेपर्यंत आत नाही, मग ती माझी असली तरी. आणि रात्री दहानंतर गेटपासून स्टँडपर्यंत इंजिन बंद, गाडी ढकलत. मी करून बघितलंय. बुलेटचं वजन दोनशे किलोच्या जवळपास आहे, घाम निघतो, पण चढ नाहीये.

ज्यांनी पुंगळ्या काढल्यात त्या भावांना एवढंच सांगतो, पिकअपच हवा असेल तर टॅपेट सेट करा, एअर फिल्टर साफ करा, कार्ब्युरेटर खोलून धुवा, चेन ताणून घ्या. दोनशे रुपयांत मला जेवढा फरक पडला तेवढा अठराशेत पडला नव्हता. आवाज आवडत असेल तर आवडू दे, मलाही आवडतो. तसं स्पष्ट म्हणा. फक्त त्याला अपग्रेड म्हणू नका, निदान मेकॅनिकलच्या पोरांनी तरी.

तो अठराशेचा सायलेन्सर सध्या माझ्या कॉटखाली आहे. परत घ्यायला चाचा तयार नाहीत. भंगारवाला किलोच्या भावाने घेतो म्हणतो, म्हणजे आपल्या जालन्याच्या रिवाजाप्रमाणे तो भट्टीत जाऊन कुणाच्या तरी घराची सळई होईल. द्यायचा आहे, पण पावसाळा सुरू झाल्यापासून रूम पार्टनर त्यात त्याची ओली छत्री उभी करतो आणि म्हणतो, एवढा मोकळा पाइप कुठे मिळणार?