कॉलेजची त्रिकोणमिती आणि उन्हाळ्याची सुट्टी

दहावीची परीक्षा आटोपली, की बेळगाव-निपाणीकडील पालकवर्गापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. परीक्षा संपते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि कॉलेजचे वर्ग भरावयास जवळजवळ दोन महिने अवकाश असतो. हा मधला काळ मुलांनी कसा घालवावा? विज्ञानशाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी कॉलेजचे गणित, विशेषतः त्रिकोणमिती, या सुट्टीतच शिकून घ्यावी काय? अनेक पालक हा प्रश्न आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर एका शब्दात देण्यासारखे नाही. म्हणून आमचे मत येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की त्रिकोणमितीचेच नाव पुढे येते यास कारण आहे. दहावीच्या वर्गात आपण जी त्रिकोणमिती शिकतो ती काटकोन त्रिकोणाच्या चार भिंतींच्या आतली. कोन शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत, बाजूंची गुणोत्तरे, आणि शेवटी एखाद्या मनोऱ्याची उंची काढण्याचे उदाहरण. कॉलेजात पाऊल टाकताच हा काटकोन त्रिकोण मागे राहतो. कोन दीडशे अंशांचा असू शकतो, चारशे अंशांचा असू शकतो, ऋणही असू शकतो. अंश सोडून रेडियन हे नवे माप येते. दोन कोनांच्या बेरजेची सूत्रे येतात. पीयूसीचे पुस्तक घ्या किंवा सीमेपलीकडील महाराष्ट्राच्या अकरावीचे घ्या, हा विषय आरंभीच भेटतो आणि पुढे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातही पाठ सोडीत नाही. तेव्हा जो येथे अडखळला तो वर्षभर अडखळत राहतो.

परंतु आमच्या भागातील मुलांची अडचण एवढीच नाही. दहावीपर्यंत त्यांचे सारे शिक्षण मराठीतून झालेले असते. 'कर्ण', 'लगतची बाजू', 'उन्नत कोन' हे शब्द त्यांच्या जिभेवर असतात. निपाणीचा मुलगा गावातल्या कॉलेजात पीयूसीला जावो अथवा सीमा ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जावो, विज्ञानशाखेचे शिकविणे बहुधा इंग्रजीतूनच चालते. एकाच आठवड्यात भाषाही बदलते आणि विषयही उंची गाठतो. मग फळ्यावरील वाक्य कळले नाही म्हणजे गणितच कळले नाही, असा त्या मुलाचा समज होतो. शेजारच्या बाकावरचा मुलगा भराभर माना डोलावीत असतो; यास प्रश्न विचारण्याची लाज वाटते. काही दिवसांनी तो घरी येऊन सांगतो, की मला विज्ञान झेपत नाही. अशा रीतीने शब्दांच्या भयापोटी एखाद्या हुशार मुलाने आपली वाट सोडावी, याहून दुःखाची गोष्ट शाळेच्या दृष्टीने दुसरी नाही. सुट्टीतल्या त्रिकोणमितीचा प्रश्न आमच्या लेखी महत्त्वाचा आहे तो यासाठी.

हे शब्दांचे भय किती निराधार आहे, हे एका शब्दाच्या प्रवासावरून दिसून येईल. ज्या 'साइन' शब्दास मुले भितात तो मूळचा आपल्याच घरचा आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि त्याची टोके जोडणारी रेषा ही दोरी. आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये रचिलेल्या आर्यभटीयात पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस अर्धज्यांचे मान साधून दिले आहेत. ज्या शब्दाचाच पर्याय जीवा. तो अरबांकडे 'जिबा' होऊन गेला. स्वर न लिहिण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे पुढे कोणी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राचा खोळगा, खिसा. हिंदीतला 'जेब' शब्द तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द योजिला आणि त्याचा इंग्रजीत साइन झाला. धनुष्याची दोरी अशी खिशात जाऊन परत आली! परदेशी फिरून आलेल्या आप्तास पोशाख बदलला म्हणून कोणी दारातून परत पाठवीत नाही. तद्वत् या शब्दासही भिण्याचे प्रयोजन नाही.

तीच गोष्ट बेरजेच्या सूत्रांची. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली, 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. त्यात 'ज्योत्पत्ति' नावाचे प्रकरण असून दोन कोनांच्या बेरजेची ज्या कशी काढावी याची रीत त्यात सांगितली आहे. पीयूसीचा विद्यार्थी आज जे सूत्र घोकतो ते हेच. आचार्यांचे विज्जडविड गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काही जण विजापूरच्या बाजूस बोट दाखवितात, तर काही चाळीसगावजवळच्या पाटणकडे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोहोंसही ज्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो, त्यांचे गणित सीमाभागातील मुलांना परके वाटावे हे विपरीत नव्हे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सुट्टीत कॉलेजची त्रिकोणमिती शिकावी, असे आमचे मत आहे. मात्र ती कशी शिकावी, याविषयी आमचा आग्रह तितकाच आहे. पुष्कळ ठिकाणी सुट्टीतले वर्ग म्हणजे घोडदौड असते. सहा आठवड्यांत वर्षाचे पुस्तक उरकावयाचे, सूत्रांची यादी भिंतीवर टांगावयाची आणि मुलांनी ती पाठ म्हणावयाची. असे शिकलेले गणित पहिल्या पावसात वाहून जाते. शिवाय प्रकरण एकदा 'झाले' असे वाटल्यामुळे कॉलेजात तोच भाग चालू असता मुलाचे लक्ष राहत नाही, हा तोटा निराळाच. सुट्टीत सगळे पुस्तक पुरे करू नये. एकच प्रकरण घ्यावे, पण ते मुळापासून घ्यावे. अर्थ मराठीत समजून घ्यावा, नाव इंग्रजीतले शिकावे, आणि उदाहरण दोन्ही भाषांत मांडून पाहावे. एवढे साधले म्हणजे जूनमध्ये फळ्यावरचे वाक्य अनोळखी वाटणार नाही.

यासाठी फार मोठी साधने लागतात असेही नाही. रेडियन म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातली परात सांगेल. दोऱ्याने परातीचा व्यास मोजावा, दोरा दुमडून निम्मा करावा. ही झाली त्रिज्या. तेवढा दोरा परातीच्या काठावर बसवावा. त्याच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत रेषा काढल्या, की त्यांमधला कोन एक रेडियन होतो. तो सत्तावन्न अंशांहून थोडा अधिक भरतो. पूर्ण काठ वेढावयास असे सहा दोरे आणि वर थोडासा तुकडा लागतो. हा तुकडा का उरतो, हे ज्या मुलाने स्वतः पाहिले त्याला दोन पाय हे माप पुन्हा समजावून द्यावे लागत नाही.

नव्वद अंशांपलीकडील साइन समजण्यासाठी जत्रेतला उंच पाळणा आठवावा. पाळणा आसाच्या पातळीपासून वर चढू लागला, की आसापासूनची आपली उंची वाढत जाते. ती उंची भागिले पाळण्याची त्रिज्या, हीच त्या कोनाची साइन. माथ्यावर ती एक होते. माथा ओलांडला की कोन वाढतच राहतो, पण उंची उतरू लागते. पाळणा आसाच्या खाली गेला की उंची ऋण. एक फेरा पुरा झाला की सारे पुन्हा पहिल्यासारखे. काटकोन त्रिकोणात न मावणारी कॉलेजची सारी त्रिकोणमिती या एका पाळण्यात बसते.

उंची काढण्याचे उदाहरण तर प्रत्यक्षच करावे. कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्याला एखादा खडा लोंबकळत ठेवला, म्हणजे उन्नत कोन मोजण्याचे साधन तयार होते. शाळेच्या ध्वजस्तंभापासून 12 मीटरवर उभे राहून त्याच्या टोकाचा कोन 40 अंश भरला, तर 12 ला 40 अंशांच्या टॅन्जंटने, म्हणजे 0.839 ने, गुणावे. दहा मीटर आले. त्यात डोळ्यांची उंची मिळविली की स्तंभाची उंची हाती येते. मोठी कामेही याच रीतीने झाली आहेत. 1802 साली मद्रासजवळ विल्यम लँब्टनने त्रिकोणांच्या साहाय्याने हिंदुस्थानची मोजणी आरंभिली. ते काम करता करताच 1823 साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. पण त्रिकोणांची माळ हिमालयापर्यंत पोहोचली. त्या मोजणीच्या आकड्यांवरून राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञाने 1852 च्या सुमारास जगातील सर्वोच्च शिखर ओळखले आणि 1856 साली त्याची उंची 29,002 फूट म्हणून जाहीर झाली. आज ती 8,848.86 मीटर, म्हणजे 29,031 फुटांच्या आसपास मानली जाते. शिखरावर पाऊल न ठेवता केलेले हे काम किती नेमके होते, ते यावरून दिसेल.

आणि उन्हाळ्याची सुट्टी या विषयास विशेष अनुकूल आहे, ती एका वेगळ्याच कारणाने. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. बेळगावचे अक्षांश पावणेसोळा ते सोळा अंशांच्या दरम्यान. म्हणून तेथे हा दिवस 3-4 मेच्या सुमारास येतो आणि उत्तरेकडील निपाणीस त्यानंतर दोनेक दिवसांनी. अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करून रोज तिची सावली मोजावी. आधी माध्यान्हीची सावली उत्तरेस पडते, मग आखूड होत होत नाहीशी होते आणि पुढे दक्षिणेस पडू लागते. हे माध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही. साडेबाराच्या सुमारास होते. कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आहे आणि बेळगाव त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेस आहे. अंशास चार मिनिटे या हिशेबाने बत्तीस मिनिटांचा फरक पडतो. सावली आणि काठी यांच्या गुणोत्तरावरून सूर्याचा कोन रोज काढून वहीत लिहावा. ज्याच्या वहीत असे तीस दिवसांचे आकडे असतील त्याने टॅन्जंट शिकला, असे आम्ही खुशाल म्हणू. ही शाळा सुट्टीतच भरते आणि तिची फी नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वर्षभर राबलेल्या मुलांना सुट्टी नको काय? आजोळ, आंबे, विहिरीतले पोहणे हे सारे सोडून त्यांनी साइन-कोसाइन करीत बसावे काय? मुळीच नाही. सकाळची दोन तास पुरेत. तीही आठवड्यातून पाच दिवस. बाकीचा दिवस मुलाचा आहे. शिवाय आनंदाने केलेले गणित हा सुट्टीचा शत्रू नव्हे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर लहानपणी बनारसला असताना त्यांचे मोरूमामा घरातल्या फळ्यावर त्यांच्यासाठी आव्हान म्हणून गणिते लिहून ठेवीत. त्यांस परीक्षा नव्हती, गुण नव्हते. सुटेपर्यंत चैन न पडणे एवढेच होते. असा एखादा फळा आपल्याही घरी का असू नये?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. सर्वांचीच सुट्टी मोकळी नसते. निपाणी भागात कितीतरी घरांत आई विड्या वळते आणि मुलगी सुट्टीत तिच्या हाताखाली बसते. कितीतरी मुले शेतावर किंवा दुकानात कामास जातात. वर्गाची फी भरणे त्यांना शक्य नसते. सुट्टीतले शिक्षण पैसेवाल्यांपुरते राहिले, तर जूनमध्ये एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत आरंभापासूनच अंतर पडेल. म्हणून आमची सूचना अशी, की शाळांनी हे काम आपले मानावे. सुट्टीत एक खोली सकाळी सात ते नऊ उघडी ठेवावी. गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदोन दिवस यावे आणि उरलेल्या दिवशी गतवर्षी येथूनच पीयूसीला गेलेल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांना शिकवावे. कोणता शब्द कोठे अडतो हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? शिकविताना त्यांचेही शिक्षण पक्के होईल. आणि पालकांना आमची विनंती आहे, की घरातल्या मुलीचे हे दोन तास कामातून राखून ठेवावेत. मुलाला वर्गास धाडून मुलीला घरी बसविणे हा हिशेब कोणत्याच गणितात बरोबर ठरत नाही.

विद्यार्थिमित्रहो, मराठीतून शिकलो म्हणून आपण मागे आहो, असे कोणी म्हटले तर मानू नका. अर्थ ज्याला मातृभाषेत कळला त्याला नाव कोणत्याही भाषेत शिकता येते. नाव पाठ केलेल्यास मात्र अर्थ पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो. येत्या सुट्टीत एक वही, एक कोनमापक, एक दोरा आणि एक काठी एवढे जवळ करा. एक प्रकरण मनापासून समजून घ्या. मग जूनमध्ये वर्गात काही कळले नाही, तर हात वर करून विचारा. तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारा, मराठीत विचारा, पण विचारा.