रेल्वे आली, आता हिशेबही मागू या



१७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. आनंद झाला, तो लपवण्याचं काही कारण नाही. ज्यांच्या उभ्या आयुष्यात 'बीडची रेल्वे' हा शब्द फक्त निवडणुकीच्या सभेत ऐकू यायचा, त्यांनी त्या दिवशी शिटी ऐकली. हारतुरे झाले, पेढे वाटले गेले, श्रेयाची ओढाताणही रीतसर झाली. आता तो सगळा धुरळा खाली बसल्यावर एका वेगळ्या कामासाठी मी आपल्याला हाक देत आहे.

आधी थोडी आकडेमोड करू. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. १९९५-९६ मध्ये तो मंजूर झाला, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता. म्हणजे किलोमीटरला साधारण एक कोटी पस्तीस लाख. पुढे हाच आकडा ४,८०५ कोटींवर गेला, म्हणजे किलोमीटरला अठरा कोटींच्या पुढे. यातला निम्मा भार महाराष्ट्र शासनाचा आहे. तीस वर्षांत बीडपर्यंतचे सुमारे १६८ किलोमीटर झाले, म्हणजे वर्षाला सहा किलोमीटरसुद्धा नाहीत. घाटातून डोक्यावर मोळी घेऊन निघालेली म्हातारी याहून लवकर पोहोचते.

महागाई वाढली हे खरं आहे. भूसंपादन रखडलं हेही खरं. २०१३च्या कायद्यानं शेतकऱ्याला जमिनीचा बरा मोबदला मिळू लागला, आणि ते योग्यच झालं. उशिराचा हा एवढाच फायदा. पण मूळ दुखणं वेगळं आहे. काम दरवर्षी थोड्या थोड्या पैशांवर जिवंत ठेवलं गेलं. घर बांधणाऱ्या कुणालाही विचारा: पाया खणून ठेवला, भिंती दोन वर्षांनी उचलल्या, स्लॅब आणखी चार वर्षांनी टाकला, तर घर स्वस्तात पडत नाही, दुप्पट-तिप्पट महाग पडतं. रेल्वेच्या खात्यात असे शेकडो 'पाये' देशभर खणून ठेवलेले आहेत. आपल्याकडच्या वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचंच बघा. २८४ किलोमीटर, २००८-०९ची मंजुरी, आणि वर्धा ते कळंब हा पहिला छोटा तुकडा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं.

रेल्वेच्या वाट्याचा हा पैसा कोण मंजूर करतं? संसद. आणि तो कसा खर्च झाला हे विचारण्याचा अधिकार कुणाचा? तोही संसदेचाच, म्हणजे आपण तिथं पाठवलेल्या माणसांचा. आपण मात्र खासदाराला भेटतो ते थांबा मागायला, गाडी मागायला, आरक्षणाचा कोटा मागायला. हिशेब मागायला कुणी जात नाही.

पूर्वी रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प असायचा. आपले वडीलधारे रेडिओला कान लावून बसायचे, आपल्या मार्गाचं नाव येतं का ते ऐकायला. १९२४ पासूनची ती प्रथा २०१६च्या अर्थसंकल्पानंतर संपली. २०१७-१८ पासून रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला. अनेकांना त्याचं वाईट वाटलं. मला फारसं वाटलं नाही, कारण भाषणात नाव येणं आणि खात्यात पैसा पडणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पैसा कुठं पडला ते कळतं 'पिंक बुक'मध्ये. अर्थसंकल्पाबरोबर येणाऱ्या या पुस्तकात झोनवार प्रत्येक कामाची एक ओळ असते: एकूण अपेक्षित खर्च किती, गेल्या मार्चपर्यंत झाला किती, यंदाची तरतूद किती. अनेक रखडलेल्या कामांसमोर यंदाची तरतूद म्हणून फक्त एक हजार रुपये लिहिलेले असतात. हजार रुपयांत रुळाखालचा एक स्लीपरही येणार नाही. पण काम बंद केलं असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून तो हजाराचा टिळा.

याला उत्तर द्यायला लोकसभेच्या नियमांत एक गमतीशीर हत्यार आहे, तेही तितक्याच चिल्लर रकमेचं. एखाद्या खात्याच्या खर्चाच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, अशी कपात सूचना कोणताही सदस्य देऊ शकतो. हेतू शंभर रुपये वाचवण्याचा नसतो. एका नेमक्या तक्रारीवर मंत्र्याला बोलायला लावण्याचा असतो. ही सूचना मंजूर होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ती कागदावर येते, आणि कागदावर आलेलं पुसता येत नाही.

अडचण अशी की चर्चेला वेळच उरत नाही. ठरलेली मुदत संपली की उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एका झटक्यात मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर सगळ्याच खात्यांच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना लोकसभेत मंजूर झाल्या. २०२५-२६ साठी रेल्वेला सरकारी तिजोरीतून २ लाख ५२ हजार कोटी रुपये भांडवली कामांसाठी दिले आहेत. एवढ्या रकमेवर चर्चा व्हायची की नाही, हे सभागृहातल्या आरडाओरड्यावर सोडून चालणार नाही.

म्हणून समित्यांकडे लक्ष द्या. रेल्वेविषयक स्थायी समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. तिथं कॅमेरा नसतो, त्यामुळे भाषणबाजीही कमी असते. रेल्वे बोर्डाचे अधिकारी समोर बसतात आणि त्यांना उत्तरं द्यावी लागतात. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे खरं; पण प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते सरकारला लेखी कळवावं लागतं. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे, अहवाल तपासते, आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे.

कॅगचा अहवाल न वाचल्याची किंमत काय असते, याचं एक उदाहरण सांगतो. सुरक्षिततेच्या कामांसाठी २०१७-१८ पासून पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभारला होता. गाड्या रुळांवरून घसरण्याविषयीचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत ठेवला गेला. रेल्वेनं या कोषात आपला ठरलेला वाटा पूर्ण भरला नाही, आणि त्यातल्या पैशातून भांडीकुंडी आणि पाय चेपण्याची यंत्रंही घेतली गेली, असं त्यात निघालं. अहवाल तसाच पडून राहिला. २ जून २०२३ला ओडिशातल्या बालासोरला रेल्वे अपघातात पावणेतीनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा कुठं लोकांनी तो उघडला. तो अपघात सिग्नल यंत्रणेतल्या चुकीमुळे झाला, त्याचा दोष त्या यंत्रांवर टाकणं बरोबर नाही. पण सहा महिने हातात असलेला कागद वाचायला आपल्याला अपघात लागावा, याची लाज वाटायला हवी. खासदारांना आणि आपल्यालाही.

आता आपण काय करायचं ते सांगतो. रास्ता रोको नको, निवेदन देतानाचा फोटो नको.

पिंक बुक रेल्वे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना सांगा, मध्य रेल्वेच्या भागातली आपल्या मार्गाची ओळ शोधा आणि गेल्या दहा वर्षांच्या तरतुदी एका कागदावर उतरवा. तो कागद गावच्या वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मग आपल्या खासदाराला, पक्ष कोणताही असो, पत्र लिहा. त्यात कौतुक कमी आणि प्रश्न नेमके हवेत. बीड ते परळी या टप्प्याची मुदत कोणती आणि ती कुणाच्या सहीनं ठरली? राज्याचा वाटा किती आला, किती बाकी, आणि त्यामुळे काम थांबलं होतं का? ३५३ कोटींचे ४,८०५ होताना कोणत्या कारणापोटी किती वाढले? हे प्रश्न लेखी उत्तरासाठी, म्हणजे अतारांकित म्हणून विचारावेत अशी विनंती करा. लोकसभेत तारांकित प्रश्न दिवसाला वीसच असतात, त्यातले तोंडी उत्तराला येतात मोजके. लेखी उत्तर आपल्याला हातात धरून वाचता येतं.

उत्तरात 'विचाराधीन आहे' किंवा 'माहिती गोळा केली जात आहे' असं आलं तर हिरमुसू नका. संसदेच्या हिशेबी ते आश्वासन ठरतं, आणि तीन महिन्यांत ते पुरं झालं की नाही हे बघायला आश्वासन समिती आहे. पत्राला दाद मिळाली नाही तर लोकसभेत याचिका करता येते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागतं, आणि खासदारामार्फत मांडायची तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ सदस्य आहेत. सहीपुरता एकही मिळणार नाही, असं मला वाटत नाही.

निम्मा खर्च राज्याचा, म्हणून आमदारांनाही सोडू नका. पुरवणी मागण्यांत या मार्गासाठी किती पैसे आले आणि शासन निर्णयानं त्यातले प्रत्यक्ष किती सुटले, हे त्यांनी विधानसभेत विचारायचं आहे. ऊसतोडीला गेलेली आपली माणसं परत येतील तेव्हा त्यांच्याही सह्या घ्या. एसटीच्या आणि ट्रॅक्टरच्या प्रवासाचा खर्च आणि त्रास त्यांच्याइतका कुणाला माहीत आहे?

अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून पत्रं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवीत. स्पीड पोस्टानं पाठवा, प्रत जवळ ठेवा. उत्तर आलं की वाचनालयाच्या फलकावर लावा. नाही आलं, तर त्याच जागी पोस्टाची पावती लावा.