घाटातला बैल आणि चिखलातला बैल

परवा चुलतभावाचा फोन आला. "दादा, बैलगाडा शर्यत वाचली म्हणून देशी बैल वाचला!" म्हटलं, कुठला रे बाबा?

2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठानेही कायदा उचलून धरला. ठीक. पण घाटात धावतो तो मुख्यतः खिल्लार. आमच्या सुरगाण्याकडचा डांगी धो धो पावसात भाताची चिखलणी करतो. कातडी तेलकट, म्हणून पाऊस सोसतो. खूर काळे, टणक. त्याला ना गुलाल, ना बक्षीस!

तिकडे अमेरिकेत गाय ॲलन दोरीचा फास टाकून बैल पाडण्यात 18 वेळा जगज्जेता झाला. आमचे काका उधळलेला खोंड कासऱ्यावर आवरायचे, त्यांना कोण विचारतो? शेवटी जोडी विकली, भाड्याचा ट्रॅक्टर आणला.

शर्यतीचं कौतुक जरूर करा. पण जात वाचते ती कामाने, आणि त्या कामाच्या दामाने. डांगी जोडी सांभाळणाऱ्याला वैरणीपुरते तरी पैसे द्या, मग अभिमानाच्या गप्पा मारू.

असो. बघा पटतंय का.