कणा ताठ, पण सरळ नव्हे!

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पितळी पातेली खाली आली, की घरात कोणाची तरी कंबर धरतेच. कोणी म्हणते, "उसण भरली". कोणी म्हणते, "मणका सरकला". लगेच तेल चोळणाऱ्याला बोलावणे जाते! तेव्हा हा कणा असतो तरी कसा, ते पाहू या.

लहानपणी कण्यात बहुधा ३३ मणके असतात: मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ मोठेपणी जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटचे ४ जुळून माकडहाड. म्हणून प्रौढाच्या कण्यात हाडे भरतात २६. जिराफाच्या मानेतही मणके ७च, बरे का! पाठीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, म्हणून तो भाग फारसा वाकत नाही. कमरेचे मणके सर्वांत जाड, कारण वरचा सारा भार त्यांच्यावर.

"ताठ बस," असे आपण मुलांना बजावतो. पण कणा काठीसारखा सरळ नसतोच. तान्ह्या बाळाच्या पाठीला एकच बाक असतो. बाळ मान धरू लागले, की मानेचा बाक ठळक होतो. उभे राहून चालू लागले, की कमरेचा. हे बाक आणि मणक्यांमधल्या कूर्चेच्या चकत्या मिळून हादरे सोसतात. चकत्या दिवसभर दबतात, रात्री पुन्हा पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपण सुमारे १ सेंटिमीटर उंच असतो!

उसण बहुतेक वेळा स्नायूंचीच असते. कधी चकती मागे फुगून मज्जातंतूला दाबते. मग कळ पायात उतरते. तेव्हा ओझे उचलताना गुडघे वाकवा आणि ते पोटाशी धरा. साधी उसण काही दिवसांत ओसरते. अंथरूण धरू नका. झेपेल तसे हिंडाफिरा.

मात्र पायातले बळ जाऊ लागले, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा. उशीर झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते. शिडीवरून पडलेल्या माणसाची मान वा पाठ दुखत असेल, तर त्याला उठवून बसवू नका. आहे तसे निजू द्या आणि रुग्णवाहिका बोलवा.

आणि हो, ते मोठे पातेले यंदा दोघांनी मिळून उतरवा!